नैवाशा सरोवराची राखण

आमच्या परसात जुन्या पेरूच्या बुंध्याशी एक वारूळ आहे. गेली पाचसात वर्षे ते वाढत आहे, आणि तेवढीच वर्षे त्यावरून घरात वाद चालू आहे. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, वाळवी आज ना उद्या माजघराच्या तुळया खाईल, सबब ते खणून काढावे. आमच्या कुटुंबाचे म्हणणे असे की, नागपंचमीस जेथे दूधलाह्या वाहावयाच्या तेथे कुदळ घालावयाची नाही. दोन्ही पक्षांची भाषणे ऐकून घेऊन निकाल तहकूब ठेवणे, एवढेच काम आमच्याकडे उरलेले आहे. गत श्रावणात हा वाद ऐन रंगात आला असता आमचा नातू मध्येच म्हणाला, "आजोबा, पण वारुळाच्या आत काय असते ते तुम्ही कधी पाहिले आहे का?"

प्रश्न मोठा अवघड होता. वाल्मीकि ऋषींची कथा आम्ही चाळीस वर्षे मुलांना सांगितली. 'वल्मीक' शब्दापासून हे नाव कसे सिद्ध झाले तेही फळ्यावर कितीदा लिहिले. परंतु खुद्द वल्मीकाच्या पोटात डोकावून पाहण्याची बुद्धी आम्हांस कधी झाली नाही. तसे कबूल करताच नातवाने आपला संगणक माजघरात आणून मांडला आणि एक अनुबोधपट लावला. तासाभराने तो संपला तेव्हा वादाचे दोन्ही पक्ष मुकाट्याने बसलेले होते.

तो चित्रपट १९७८ सालचा. आफ्रिकेतील वाळवी आपल्या लाळेने माती कालवून पुरुषभर उंचीहूनही मोठे मनोरे उभारते. त्यांच्या आत भुयारे, दालने आणि हवा खेळण्याच्या वाटा अशा बेताने काढलेल्या असतात की बाहेर ऊन असो वा थंडी, आतली ऊब फारशी पालटत नाही. चघळलेल्या लाकडाच्या लगद्यावर हे जीव एक प्रकारची बुरशी लावतात, तिची निगा राखतात आणि त्या शेतीवर सगळे नगर पोसतात. मध्यभागी मातीच्या कोठडीत राणी पडलेली असते. अंगाने फुगून बोटाहून जाड झालेली, जागची हलू न शकणारी, आणि दिवसाकाठी हजारो अंडी घालणारी. पहिला पाऊस पडताच पंख फुटलेली वाळवी धुराच्या लोटाप्रमाणे वारुळातून बाहेर पडते. हे सारे कोठेही घाई न करता दाखवले होते. ज्याने हे टिपले त्याने कित्येक महिने त्या मातीच्या ढिगाशेजारी बूड टेकून काढले असले पाहिजेत, हे न सांगता कळत होते.

शेवटी नावे आली : ॲलन आणि जोन रूट. या चित्रपटास अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकासाठी नामनिर्देशन मिळाले होते. ॲलन यांच्याविषयी माहिती मिळवणे कठीण गेले नाही. सहधर्मचारिणीविषयी शोधू गेलो, तो पहिल्याच ओळीपाशी थबकलो. जोन रूट यांचा १३ जानेवारी २००६ च्या मध्यरात्रीनंतर केनियातील नैवाशा सरोवराच्या काठी, त्यांच्या राहत्या घरी, गोळ्या घालून खून झाला. आणखी पाच दिवसांनी त्यांना सत्तर वर्षे पुरी झाली असती.

मुंग्यावाळवीची चित्रे काढणाऱ्या वृद्ध बाईचा कोणास एवढा उपसर्ग व्हावा? या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

जोनबाईंचा जन्म १८ जानेवारी १९३६ रोजी नैरोबी येथे झाला. वडील विलायतेहून येऊन केनियात स्थायिक झालेले. त्यांनी कॉफीचा मळा केला, आणि पुढे बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना रानातून हिंडवून आणण्याचा व्यवसाय केला. तंबू, शिधा, गाड्या, पाणी यांची तजवीज मुलीकडे असे. ॲलन रूट यांची ओळख झाली त्या सुमारास ही मुलगी हत्तीचे एक पोरके पिल्लू वाढवीत होती. १९६१ साली उभयतांचा विवाह झाला. ॲलन हे कसलेले छायाचित्रकार. सेरेंगेटीवरील ग्रिमेक पितापुत्रांच्या प्रख्यात जर्मन चित्रपटाच्या कामात तरुणपणीच तयार झालेले. स्वभाव धाडसी, आणि धाडसाच्या पुढे जो एक शब्द असतो त्यासही पात्र. साप, बिबळ्या, पाणघोडा, गोरिला यांपैकी प्रत्येकाने त्यांना एकेकदा चावून पाहिले, आणि सर्पदंशापायी एक बोट गमवावे लागले.

त्यांच्या चित्रपटांतून आपल्या परिचयाचे कितीतरी निघते. गोरखचिंचेवर त्यांनी १९७३ साली एक सबंध चित्रपट केला. हा अवाढव्य बुंध्याचा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. समुद्रमार्गे कधीकाळी इकडे आला आणि वसईसारख्या किनाऱ्यावरील जुन्या जागी त्याची थोराड झाडे अजून उभी आहेत. त्या झाडाच्या ढोलीत तेथील धनेश पक्षी घरटे करतो. आपल्या कोकणातील धनेशाप्रमाणेच त्याची मादी आत बसून दार लिंपून घेते, आणि केवळ चोच मावेल एवढ्या फटीतून नर तिला घास भरवतो. ढोलीला मागून काच बसवून हा आतला संसार या दांपत्याने पक्ष्यांना न बिथरवता टिपला. मझिमा येथील नितळ झऱ्यात उतरून त्यांनी पाणघोड्यांचे पाण्याखालचे चालणेबोलणे चित्रित केले. एकदा पाणघोडा खवळला आणि त्याचा सुळा जोनबाईंच्या तोंडावरील पाणबुड्याच्या मुखवट्यातून आरपार गेला. डोळा थोडक्यात वाचला. त्यानंतर त्याने ॲलन यांचा पाय धरला. दुसऱ्या एका चित्रणासाठी, समोरच्याच्या डोळ्यांवर विष थुंकणाऱ्या नागापुढे बाई नुसता चष्मा लावून बसल्या, आणि काचेवर विषाच्या धारा उतरत असता हलल्या नाहीत. गरम हवेच्या विमानातून, म्हणजे ज्यास बलून म्हणतात त्यातून, हे दोघे किलिमांजारो पर्वतावरून गेले. पलीकडे टांझानियात उतरताच तेथील शिपायांनी हेर समजून त्यांना अटक केली.

या सर्व कामात बाईंचा वाटा कोणता होता? सामानाची बांधाबांध, गाडी हाकणे, वाटा शोधणे, दुखणीबाणी, हिशेब, पत्रव्यवहार, कॅमेऱ्यातील फिल्मची व्यवस्था, आणि प्रसंगी नागासमोर बसणे. मोठ्या कुटुंबात पंगत बसली म्हणजे वाढणारे सर्वांस दिसतात. भात किती टाकावयाचा हे पहाटे उठून ठरवणारी बाई कोणास दिसत नाही. आमच्या घरात हे काम पन्नास वर्षे कोणी केले ते आम्ही जाणतो, म्हणून जोनबाईंचे नाव दुसरे येते याचे आम्हांस नवल वाटले नाही. पुढे त्यांचा संसार मोडला. त्याची हकीकत उगाळण्यात स्वारस्य नाही. ॲलन यांनी दुसरे घर मांडले. जोनबाई नैवाशालाच राहिल्या.

हे नैवाशा म्हणजे काय, ते आता सांगितले पाहिजे. नैरोबीच्या वायव्येस पाऊणशे-ऐंशी कोसांची नव्हे, पाऊणशे-ऐंशी किलोमीटरांची मजल मारली म्हणजे पृथ्वीला पडलेल्या एका प्रचंड भेगेत आपण उतरतो. तिला खचदरी म्हणतात. तिच्या तळाशी, तरीही समुद्रसपाटीपासून १८०० मीटरांहून उंच, हे सरोवर आहे. विस्तार साधारण १४० चौरस किलोमीटर, पावसाप्रमाणे कमीजास्त होणारा. मासाई भाषेत त्याच्या नावाचा अर्थ खवळणारे पाणी असा आहे. मालेवा व गिलगिल या नद्या त्यात येतात, पण एकही नदी त्यातून बाहेर पडत नाही. अशा कोंडलेल्या सरोवराचे पाणी खारट व्हावयाचे; नैवाशाचे मात्र गोडे राहिले, कारण ते जमिनीच्या पोटातून पाझरून निघून जाते. काठाने पपायरसचे, म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातील पुरुषभर उंच गवताचे, दाट बेट असे. नद्यांनी आणलेला गाळ ते गाळून घेई आणि त्याच्या मुळांशी मासे अंडी घालीत. १९६३ साली रूट दांपत्याने येथे अठ्ठ्याऐंशी एकर जमीन घेतली. पाणघोडे रात्री चरावयास अंगणात येत. जॉय ॲडम्सन, ज्यांची सिंहिणीची गोष्ट जगभर वाचली गेली, याच सरोवराच्या काठी राहत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. ही सारी भूमी मासाई गुराख्यांची. इंग्रज सरकारने १९०४ साली करार करून त्यांना या दरीतून हलवले आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना जागा करून दिली. रूट दांपत्याने जमीन घेतली त्याच वर्षाच्या अखेरीस केनिया स्वतंत्र झाला. ज्या देशाने स्वतः परक्यांचे राज्य सोसले त्या देशातील माणसास ही नोंद गाळून पुढे जाता येणार नाही. तथापि जोनबाई तेथेच जन्मल्या, तेथेच राहिल्या आणि तेथेच मेल्या, हेही तितकेच खरे.

सरोवरावर संकटे एकामागून एक आली, आणि बहुतेक माणसाच्या हातून. अमेरिकेतला बास मासा १९२० नंतरच्या दशकात आणून सोडलेला. १९७० साली तिकडचीच नांगीवाली तांबडी कोलंबी सोडली, ती पाण्यातील वनस्पती फस्त करू लागली. १९८८ च्या सुमारास जलपर्णी आली. पण या सर्वांवर ताण केली ती गुलाबाने. विषुववृत्ताजवळचे बारमाही ऊन, उंचीमुळे थंड रात्री, हाताशी गोडे पाणी आणि नैरोबीचा विमानतळ. फुलांच्या व्यापाऱ्याला आणखी काय हवे? १९८० नंतर काठाकाठाने काचेची व प्लॅस्टिकची घरे उभी राहिली. आज तोडलेला गुलाब उद्या-परवा हॉलंडच्या लिलावात हजर. लंडनला असलेल्या आमच्या पुतण्याने मागे बायकोच्या वाढदिवसास गुलाब आणले, त्यांच्या वेष्टनावर केनियाचेच नाव होते. पुढे २००७ साली काठावरील एक फार मोठा मळा बंगळूरच्या कंपनीने विकत घेतला. तेव्हा हे केवळ गोऱ्यांचे पाप म्हणून हात झटकण्यास आपणही मोकळे नाही.

मळ्यांत काम मिळेल म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो माणसे आली. मजुरी बेताची, राहावयास पत्र्याच्या खोल्यांच्या दाट वस्त्या, मैल्याची व्यवस्था नाही. ज्यांना काम मिळाले नाही, वा मिळून सुटले, ते काय करणार? सरोवरात मासे होते. परवाना नसलेली माणसे रात्री बारीक छिद्रांची जाळी घेऊन, नेमकी जेथे मासे अंडी घालतात तेथे, उथळ पाण्यात उतरू लागली. बोटाएवढे पिल्लूही सुटेना. पपायरस कापले जाऊ लागले, जाळले जाऊ लागले. १९९५ साली रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नैवाशाची नोंद झाली होती. पण माशाला आणि भुकेल्या माणसाला असल्या नोंदी वाचता येत नाहीत. २००१ साली मासे इतके घटले की काही काळ मासेमारीच बंद ठेवावी लागली.

या वेळी जोनबाईंचे वय पासष्ट होते. जन्मभर त्या कॅमेऱ्याच्या मागे राहिल्या. सभेत बोलण्याचा सराव नाही, भिडस्त स्वभाव. पण त्यांनी आता एक विलक्षण मार्ग धरला. सरोवराच्या चोरवाटा कोणास ठाऊक? चोरांस. मग त्याच माणसांना पगार देऊन राखणदार करावे! स्वतःचे पैसे घालून आणि इतरांकडून मिळवून त्यांनी 'टास्क फोर्स' नावाचे पथक उभे केले. काल जी माणसे जाळी टाकीत होती ती आज गस्त घालू लागली. बेकायदा जाळी जप्त करून त्यांच्या होळ्या पेटल्या. काही काळ मासे वाढल्यासारखे दिसले, आणि बाईंना आपली युक्ती फळली असे वाटले असल्यास त्यात नवल नाही.

आम्ही शिक्षक लोक ही युक्ती चांगली ओळखतो. वर्गातील सर्वांत व्रात्य मुलगा मॉनिटर करावयाचा. एके काळी आम्ही ज्या शाळेत होतो तिच्या आवारात चिंचेचे एक झाड होते, आणि चिंचा चोरणाऱ्या टोळीचा म्होरक्या असा एक नववीतला मुलगा होता. आम्ही झाडाची राखण त्याच्याकडेच दिली. दोन महिने एक चिंच हलली नाही. आम्ही शिक्षकांच्या खोलीत जरा ऐटीनेच हे सांगत असू. मग कुजबुज आली की हा मुलगा लहान पोरांना मारतो, काहींकडून खाऊ घेऊन चिंचा पाडू देतो. आम्ही चौकशी केली, आणि एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमक्ष त्याचे काम काढून घेतले. त्या दिवशी शाळा सुटल्यावर, ज्यांच्यावर त्याने दोन महिने अंमल गाजवला होता त्यांनी त्याला ओढ्याकाठी गाठले. त्याचा हात मोडला. पुढे तो शाळेत आला नाही. मुलांना शिक्षा झाली, आम्हांस कोणी काही बोलले नाही. पण त्या मुलाला जुन्या सोबत्यांपासून तोडून, अधिकार देऊन, नंतर उघड्यावर सोडून देणारे आम्हीच होतो, हे आम्ही अद्याप विसरलो नाही.

नैवाशाला शिक्षकाची खोली नव्हती, आणि प्रश्न चिंचेचा नव्हता, पोटाचा होता. ज्याचे जाळे जळले त्याच्या मुलांच्या ताटात त्या रात्री काय पडले असेल याचा हिशेब गस्तीच्या वहीत लिहिलेला नसतो. पथकातील माणसांच्या वर्तनाविषयी तक्रारी झाल्या. शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला. पैसा अपुरा पडू लागला आणि अखेर पथक मोडले. ज्यांचा पगार थांबला तेही नाराज, ज्यांची जाळी गेली तेही नाराज. बाईंच्या घरावर दरोडे पडू लागले. त्यांनी मजबूत दारे बसवली, पहारेकरी ठेवले. हितचिंतकांनी सांगितले की आता येथून जावे. त्या गेल्या नाहीत. अडल्यानडल्यास त्यांच्या दारी येणारी माणसे त्या गावात पुष्कळ होती, तीही येतच राहिली.

१३ जानेवारीच्या रात्री दीडच्या सुमारास बंदूकधारी माणसे आली. खिडकीतून गोळ्या आल्या. चार जणांवर खटला झाला आणि ऑगस्ट २००७ मध्ये पुराव्याअभावी चौघेही सुटले. साधे दरोडेखोर होते, की चोरटे कोळी, की पथकातलेच कोणी दुखावलेले, की आणखी कोणाचे हस्तक, यांवर पुष्कळ लिहिले गेले. मार्क सील नामक लेखकाने २००९ साली बाईंचे चरित्रही प्रसिद्ध केले. न्यायासनापुढे मात्र कोणाचाही अपराध सिद्ध झालेला नाही, आणि जे न्यायासनाला ठरवता आले नाही ते येथे बसून आम्ही ठरवू नये. गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या डायान फॉसी यांना १९६३ साली कांगोतील पर्वतावर गोरिला पाहण्यास रूट दांपत्यानेच साहाय्य केले होते. त्यांचाही १९८५ साली खून झाला. शेजारीण जॉय ॲडम्सन यांचा त्याआधी १९८० साली. ॲलन रूट मात्र इतक्या प्राण्यांचे दंश पचवून २०१७ साली वृद्धापकाळी वारले.

बाईंच्या मागे सरोवराचे काय झाले? २०१० च्या फेब्रुवारीत पाणी फार आटले असता हजारो मासे मरून काठाला लागले. जोनबाईंना ज्याचे भय होते ते खरे होणार असे सर्वांस वाटले. पण त्यानंतर खचदरीतील सरोवरे उलट वाढू लागली. पाऊस जास्त झाला, नद्या भरून आल्या, आणि २०२० साली नैवाशाचे पाणी काठावरील वस्त्यांत शिरून गरिबांची घरे सोडवती झाली. काही फूलमळ्यांनी मधल्या काळात पाणी पुन्हा वापरण्याची आणि सांडपाणी पाणगवतातून गाळून सोडण्याची व्यवस्था केली. फुले अर्थात जातच आहेत.

चित्रपट पाहिल्यावर नातवाने आम्हांस विचारले होते, "आजोबा, नाग थुंकला तेव्हा त्या बाई घाबरल्या नसतील का?" आम्ही म्हणालो, "चष्मा होता ना, बाळ." त्याचे समाधान झाले नाही, आमचेही झाले नव्हते.

आमच्या वारुळाचा निकाल अजून तहकूबच आहे. यंदा मृगाची पहिली मोठी सर येऊन गेली त्या संध्याकाळी पेरूच्या बुंध्यातून पंख फुटलेली वाळवी भळभळा बाहेर पडली. माजघरातील सर्व दिवे कोणीतरी मालवले, म्हणून पाहावयास गेलो, तो थोरले चिरंजीव मागल्या दारी अंधारात उभे राहून ती उडताना पाहत होते.